माती वरच्या अंगाला: केनियाच्या डोंगरशेतीतले सात दिवस

पहिला दिवस, २० नोव्हेंबर २०२३ : नैरोबी ते मचाकोस

नैरोबीच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकले तेव्हा पाऊस लागलेला होता आणि पुढचे सात दिवस तो अधूनमधून उसंत देत आमच्या सोबतच राहिला. सांगोल्याहून निघताना आभाळ कोरडे होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात आमचा सांगोला तालुका होता. अर्ध्या रानात ज्वारी पेरून झाली होती, उरलेल्या रानात पेरायला ओलच नव्हती. असे रान मागे ठेवून चिखलाच्या देशात उतरताना मन अवघडले, हे खरे आहे.

दोन्हीकडच्या या परिस्थितीमागे त्या वर्षी एकच कारण मोठे होते. प्रशांत महासागराचे पाणी तापून एल निनो उभा राहिला की आपला मोसमी पाऊस बहुधा कमी पडतो. तोच एल निनो पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पावसाला जोर आणतो, आणि हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग पूर्वेपेक्षा जास्त तापलेला असला तर हा जोर आणखी वाढतो. २०२३ साली दोन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. त्याआधीची अडीच वर्षे या भागाने नेमके उलटे भोगले होते: २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत पावसाचे लागोपाठ पाच हंगाम वाया गेले होते. पाच हंगाम गेले म्हणजे पाच वर्षे गेली असे आपल्याला वाटेल, पण इथे वर्षात दोन पावसाळे असतात. सूर्य विषुववृत्त दोनदा ओलांडतो, त्याच्यामागे पावसाचा पट्टाही दोनदा येऊन जातो. मार्च ते मे हा लांब पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा आखूड पाऊस. मचाकोसकडच्या कोरड्या भागातला शेतकरी नाव आखूड असलेल्या पावसावरच जास्त भिस्त ठेवतो, कारण तो त्यातल्या त्यात वेळेवर येतो.

नैरोबीतून मोंबासा रस्त्याने बाहेर पडले की अथी नदीचे पठार लागते. रस्त्याच्या कडेला खणलेल्या चरात काळी, चिकट, फुगलेली माती दिसली आणि मी गाडी थांबवायला सांगितली. चालकाने तिचे नाव सांगितले, 'ब्लॅक कॉटन'. हे नाव आपल्याच कापसाच्या काळ्या रानाचे आहे. लाव्हापासून झालेली, सपाट जागी निचरा न होता साचलेली, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि ओली झाली की चाक गिळणारी ती माती होती, आपल्या रेगुरासारखीच. फरक एवढाच की इथे तिच्यावर कापूस किंवा ज्वारी नव्हती, कारखाने, गोदामे आणि चराऊ रान होते.

पठार सोडून रस्ता डोंगरांकडे चढू लागला तशी माती तांबूस, मग विटकरी आणि वाळूमिश्रित होत गेली. मचाकोस शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर गाव वसावे तसे. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असूनही रात्री स्वेटर घालावा लागला. या उंच प्रदेशांची सगळी शेती या एका गोष्टीवर उभी आहे: उंची जशी बदलते तसे तापमान आणि पाऊस बदलतात, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतरात पीकही बदलते.

दुसरा दिवस, २१ नोव्हेंबर : इवेती डोंगरांचा उतार

गेली अठरा वर्षे मी पाणलोटाच्या कामात आहे. सलग समतल चर, कंपार्टमेंट बंडिंग, माथा ते पायथा हे शब्द रोजच्या बोलण्यातले झाले आहेत. इथल्या ज्या बांधासाठी मी एवढ्या लांब आलो त्याचे नाव 'फान्या जू'. स्वाहिलीत 'फान्या' म्हणजे कर आणि 'जू' म्हणजे वर. समपातळीत चर खणायचा आणि त्याची माती चराच्या वरच्या अंगाला टाकून बांध घालायचा, एवढाच त्याचा अर्थ. आपण चराची माती नेहमी खालच्या अंगाला टाकतो. चर पाणी अडवतो आणि भरला तरी खालचा भराव त्याला धरून ठेवतो, हे आपले गणित. वरच्या अंगाला माती टाकणे मला कागदावर पाहताना उफराटे वाटले होते. इथे दोन तास उभे राहिल्यावर ते पटले.

आमचे यजमान निवृत्त कृषी कर्मचारी होते. वडीलधाऱ्या माणसाला इथे 'मझे' म्हणतात. मीही त्यांना तीच हाक मारली. त्यांनी आम्हाला इवेती डोंगराच्या कुशीतल्या एका शेतावर नेले. शेताला इथे 'शांबा' म्हणतात. शांबा साधारण दोन एकरांचा, उतार असा की वरच्या टोकाला उभे राहिले की खालच्या घराचे पत्रे पायाखाली दिसावेत. घरच्या मालकीणबाई आणि शेजारच्या सात-आठ बायका एका जुन्या बांधाखाली नवा बांध आखत होत्या. दोन काठ्या, त्यांना सारख्या उंचीवर बांधलेली दोरी आणि दोरीच्या बरोबर मध्यावर टांगलेली बोटभर लांबीची पातळी. एक बाई काठी घेऊन स्थिर उभी राहायची, दुसरी आपली काठी उतारावर वरखाली सरकवायची आणि मधली बाई खाली वाकून बुडबुडा पाहायची. बुडबुडा मधोमध आला की ती हात वर करायची आणि तिथे खुंटी ठोकली जायची. आपल्याकडे हायड्रोमार्करची पारदर्शक नळी घेऊन गावेच्या गावे समपातळी काढायला शिकली, त्याची आठवण झाली. दोन बांधांतले उभे अंतर त्यांनी डोळ्यांच्या उंचीवर धरले होते: खालच्या बांधावर उभे राहून समोर सरळ पाहिले की नजर जिथे टेकेल तिथे वरचा बांध.

मग 'जेंबे' चालू लागले. जेंबे म्हणजे रुंद पात्याची, लांब दांड्याची कुदळ. चर साधारण दोन फूट रुंद, दोन फूट खोल. चराची कड आणि बांध यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर माती परत चरात घसरते. खालून वर माती फेकणे कष्टाचे असते. दर फेकीला कंबर आणि खांदा दोन्ही लागतात. मी थोडा वेळ जेंबे हातात घेतले. माझी माती बांधावर कमी आणि मोकळ्या जागेत जास्त पडत होती. शेजारच्या बाईंनी काही न बोलता माझा खालचा हात दांड्यावर वीतभर पुढे सरकवून दिला आणि माती बरोबर पडू लागली.

दुपारी पाऊस आला. आम्ही ओसरीत आलो, पण मझे छत्री घेऊन उभे होते म्हणून मीही बाहेर राहिलो. त्या अर्ध्या तासात मला बांधाचे काम डोळ्यांनी दिसले. वरच्या पट्ट्यातून पाणी वाहत येऊन बांधाला थांबले, त्याचा तांबडा रंग हळूहळू फिका होत गेला आणि बांधाच्या वरच्या बाजूला मातीचा बारीक थर बसू लागला. असे दर पावसाला होते. वरच्या भागातली माती उतरून बांधाशी साचते, दर हंगामात बांधाचा माथा थोडा उंचावला जातो आणि काही वर्षांत दोन बांधांतला उतार आपोआप सपाट होऊन पायरी तयार होते. यंत्राने एका दिवसात डोंगर कापून पायरी काढली तर तळाची नापीक माती वर येते. इथे पायरी पावसाकडून आणि माणसाच्या डागडुजीतून घडते, आणि सुपीक माती वरच राहते. चरातही पाणी साचते. त्या ओलीवर केळी आणि पपई लावतात. आम्ही पाहिलेल्या चरात केळीचे घड लोंबत होते आणि पाच फुटांवरच्या पट्ट्यात मका पिवळट होता.

बांधाच्या माथ्यावर गवत लावलेले असते. कोरड्या भागात माकारीकारी नावाचे झुपकेदार गवत आणि ओलसर भागात नेपियर, म्हणजे आपले हत्तीगवत. हे गवत माती धरते आणि गाईला चाराही देते. मालकीणबाईंनी सांगितले की गवत कापायला रोज बांधावर यावेच लागते, त्यामुळे बांध कुठे फुटतो आहे हे त्याच दिवशी कळते. मी हे वाक्य वहीत शब्दशः लिहून घेतले. आपल्याकडे बांध फुटल्याचे आपल्याला पुढच्या पाहणीत कळते.

या भागातली माती जुन्या, घट्ट, दाणेदार खडकांपासून झालेली आहे. तिच्यात सेंद्रिय अंश कमी, आणि पहिल्या वळवाचे टपोरे थेंब उघड्या रानावर पडले की तिला खपली धरते. खपली धरली की पाणी मुरत नाही, वाहते. म्हणून इथे मृदसंधारण आणि जलसंधारण ही दोन वेगळी कामे नाहीत. पाणी थांबले तर माती थांबते, आणि माती थांबली तरच पुढच्या पावसाचे पाणी मुरायला जागा राहते.

तिसरा दिवस, २२ नोव्हेंबर : १९३८ ची गोष्ट

रात्रभर पाऊस होता आणि ठरलेली गाडी आलीच नाही. वाटेतला फरशीपूल पाण्याखाली होता. दिवस मचाकोसमध्येच गेला आणि मझ्यांच्या घरी बसून जुनी गोष्ट ऐकता आली. या सहलीतला सर्वांत मोलाचा भाग मी त्यालाच मानतो.

१९३० च्या दशकात हे डोंगर धुपून उघडे पडले होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अहवालांत मचाकोसचे नाव उजाड प्रदेशाचे उदाहरण म्हणून येत असे. चांगल्या जमिनी गोऱ्या वसाहतदारांकडे गेल्या होत्या, आणि इथले मूळ रहिवासी कांबा लोक त्यांच्या गुराढोरांसह उरलेल्या राखीव पट्ट्यात कोंडले गेले होते, हे कारण त्या अहवालांत क्वचितच येते. सरकारने उपाय काढला तो गुरे कमी करण्याचा: जनावरे जबरदस्तीने जप्त करून विकायची. १९३८ साली मुइंदी म्बिंगू यांच्या नेतृत्वाखाली हजारो कांबा स्त्रीपुरुष मचाकोसहून नैरोबीला चालत गेले आणि गव्हर्नरने भेट द्यावी म्हणून काही आठवडे तिथेच तळ ठोकून बसले. सरकारला जप्ती सोडावी लागली. म्बिंगू यांना मात्र पुढे लामू बेटावर हद्दपार केले गेले. नैरोबीच्या मध्यभागी आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

त्यानंतर बांध घालण्याची सक्ती आली. प्रत्येक घराने आठवड्यातले ठरावीक दिवस बांधावर राबायचे. बांधही सरकारने ठरवलेले, अरुंद, माती खालच्या अंगाला टाकलेले. ते लवकर फुटत आणि डागडुजी करायला कुणी फिरकत नसे, कारण ते काम साहेबाचे होते. उत्तरेकडे मुरांगामध्ये १९४८ साली स्त्रियांनी या बांधकामाला उघड नकार दिला. पुरुष शहरात मजुरीला गेलेले असल्याने कुदळ त्यांच्याच हातात होती, म्हणून नकारही त्यांनीच दिला.

मग हेच लोक आज स्वतःच्या खर्चाने बांध का घालतात? मझ्यांनी दोन कारणे दिली. पहिले, १९५० च्या दशकात बांधाचा प्रकार निवडायची मोकळीक मिळाली आणि लोकांनी फान्या जू निवडला. कष्ट जास्त होते, पण पायरी लवकर बनत होती. दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर हिंदुस्थानात गेलेला एक कांबा शिपाई तिथल्या पायऱ्यांची शेती पाहून आला, त्याने गावी तसा पट्टा काढून कांदा लावला आणि त्याच्या पैशाकडे बघून शेजारी शिकले, अशी एक हकिगतही त्यांनी सांगितली. दुसरे कारण म्हणजे पीक. कॉफी, फळे, भाजीपाला लावायची परवानगी आणि बाजार मिळाला, तसा पायरीवरच्या जमिनीचा मोबदला दिसू लागला. काम करायची रीत मात्र जुनीच घेतली: 'म्वेथ्या', म्हणजे शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबायचे. आपल्याकडे सावड म्हणतात तीच ही. आदल्या दिवशी पाहिलेल्या त्या सात-आठ बायका म्वेथ्याच्याच होत्या.

१९७४ पासून स्वीडनच्या मदतीने केनिया सरकारने मृदसंधारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, त्याने आखणीचे प्रशिक्षण आणि अवजारे दिली. राबणे लोकांचे राहिले. १९३० च्या दशकात या जिल्ह्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आत होती, १९८९ च्या जनगणनेत ती सुमारे १४ लाख झाली. एवढी माणसे वाढल्यावर जमीन आणखी उजाड व्हायला हवी होती, असे कुणीही म्हटले असते. उलट लागवडीखालचे बहुतेक उतार बांधांखाली आले आणि झाडे वाढली. सगळे प्रश्न सुटले असे मझे म्हणाले नाहीत. वाटण्या होऊन शांबे फार लहान झाले आहेत आणि तरुण नैरोबीला जातात, हे त्यांनीच सांगितले. तरीही 'माणसे वाढली की माती जाणारच' हे वाक्य मी यापुढे कुठल्याही व्यासपीठावर ऐकून घेणार नाही.

संध्याकाळी जेवणात मक्याच्या सोललेल्या दाण्यांबरोबर हिरव्या तुरीचे दाणे शिजवलेले होते. कांबा लोकांच्या मक्यात तुरीची ओळ असतेच. आखूड पावसात पेरलेली तूर लांब पाऊस अंगावर घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये काढणीला येते. मका करपला तरी खोल मुळांची तूर तगते. निर्यात होणाऱ्या वाळलेल्या तुरीचा मोठा भाग भारतात जातो. सोलापूरच्या बाजारात परदेशी तुरीमुळे भाव पडल्याची तक्रार मी स्वतः केलेली आहे. ती तूर कुणाच्या ताटातून उरून येते हे इथे पाहिले.

चौथा दिवस, २३ नोव्हेंबर : मकुएनीच्या वाळूतले पाणी

मचाकोसच्या दक्षिणेला उतरत गेले की पाऊस कमी, हवा गरम आणि नद्या वाळूच्या होतात. वर्षातले मोजके दिवस त्या दुथडी वाहतात, मग पात्रात फक्त वाळू. या वाळूलाच इथे पाण्याची टाकी केले आहे. नदीच्या पात्रात जिथे खडक उघडा आहे किंवा थोड्याच खोलीवर लागतो तिथे दगडी भिंत आडवी बांधतात. पूर आला की जड, भरड वाळू भिंतीमागे बसते आणि हलका गाळ पाण्याबरोबर भिंतीवरून निघून जातो. दोन-तीन हंगामांत भिंतीमागे वाळूचा साठा भरतो. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत तिच्या आकारमानाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी मावते. वरची दोन-एक फूट वाळू वाळली की खालच्या पाण्याला ऊन लागत नाही, बाष्पीभवन जवळजवळ थांबते, डासांना जागा राहत नाही आणि पाणी गाळूनही निघते. कोला भागात जोशुआ मुकुस्या यांनी १९७८ साली उभ्या केलेल्या उटूनी संस्थेने गावोगावच्या गटांबरोबर असे कितीतरी वाळूबंधारे बांधले.

आम्ही पाहिलेल्या बंधाऱ्यावरून त्या दिवशी घोटाभर तांबडे पाणी वाहत होते. काठाकडच्या कोरड्या वाळूत एक शाळकरी मुलगी खड्डा करून बसली होती. कोपरभर खोलीवर पाणी लागले होते, पहिले गढूळ पाणी तिने बाजूला फेकले आणि खड्ड्यात पुन्हा पाणी भरायची वाट पाहत ती हातावर हात ठेवून बसून राहिली. दुसऱ्यांदा भरलेले पाणी स्वच्छ होते. वाटीने भरत भरत तिने पिवळा कॅन गळ्यापर्यंत आणला. शेजारी पुराचे एवढे पाणी वाहत असताना ती वाळूतलेच पाणी का नेते, असे मी विचारले. मझ्यांनी तिचे उत्तर सांगितले की वाहत्या पाण्याने पोट बिघडते.

मी बंधाऱ्याच्या कडेचा खडक आणि वाळू हातात घेऊन बराच वेळ पाहिली. हे तंत्र जसेच्या तसे उचलून आपल्याकडे नेता येणार नाही, हे इथेच स्पष्ट झाले. इथला खडक झिजून गारेची भरड वाळू देतो. आपला काळा पाषाण झिजून मुख्यतः चिकण माती देतो. सांगोल्याच्या लहान ओढ्यांवर अशी भिंत घातली तर तिच्यामागे गाळच जास्त साचेल आणि गाळातले पाणी खड्ड्यात सहजासहजी उतरत नाही. माणगंगेसारख्या वाळूच्या नदीवर विचार करता आला असता. पण तिची वाळू आपण उपसून गाड्यांनी शहरांना पाठवली, आणि नदीकाठच्या विहिरी का आटल्या याची चर्चा नंतर करत बसलो. मकुएनीतही नैरोबीच्या इमारतींसाठी वाळूउपसा जोरात होता. या कौंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, २०१५ साली वाळूसंवर्धनाचा स्वतःचा कायदा केला. वाळू म्हणजे पाणी, हे त्या कायद्यामागचे साधे तत्त्व आहे, आणि मला ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले पाहून फार बरे वाटले.

पाचवा दिवस, २४ नोव्हेंबर : म्वेआमार्गे एंबू

सगळा दिवस प्रवासात गेला. माउंट केनियाच्या पायथ्याशी म्वेआचे सपाट रान लागते. तिथे पुन्हा काळी माती आणि तिच्यावर भात. १९५० च्या दशकात ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यातल्या कैद्यांच्या श्रमातून हे कालवे खोदले गेले. इथल्या सुवासिक तांदळाला 'पिशोरी' म्हणतात आणि तो आपल्या बासमतीच्याच घराण्यातला आहे. थिबा नदीवरचे धरण २०२२ साली पुरे झाल्याने पाण्याची ओढ कमी झाली आहे. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते हा डोंगरावर दोष ठरला असता. भाताला तोच गुण ठरला.

सहावा दिवस, २५ नोव्हेंबर : कापसापासून चहापर्यंत एका सकाळी

एंबूहून डोंगराकडे चढणारा रस्ता म्हणजे शेतीच्या हवामानाचे उघडे पुस्तक आहे. खाली, ताना नदीच्या खोऱ्याकडे, बाजरी, चवळी, कापूस आणि शेळ्या. थोडे वर मका आणि सूर्यफूल. १,५०० मीटरच्या पुढे कॉफी. त्याहून वर चहा. आणि चहाच्या माथ्यावर जंगल. हे जंगल ५,१९९ मीटर उंच माउंट केनियाला वेढून आहे. खालच्या टोकाला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वरच्या टोकाला त्याच्या दुपटीहून अधिक. तिसऱ्या दिवशी काटुमानी संशोधन केंद्राच्या लवकर पिकणाऱ्या मक्याविषयी ऐकले होते. तो मका या उताराच्या खालच्या अंगाला चालतो. वरच्या थंड हवेत उशिराचे वाण लागतात. जात निवडताना शेतकरी आधी आपल्या शांब्याची उंची सांगतो, हे मी तीन ठिकाणी ऐकले.

कॉफीच्या पट्ट्यात एका ताज्या कापलेल्या रस्त्याच्या कडेला मी मातीची भिंत पाहिली. माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत एकसारखी गर्द तांबडी माती होती आणि एकही दगड नव्हता. एक ढेकूळ फोडले. ते भुगा न होता हरभऱ्याएवढ्या कोनदार खड्यांत सुटले आणि प्रत्येक खड्याचे अंग मेण चोळल्यासारखे चमकत होते. मृदाशास्त्रात या मातीला नायटिसॉल म्हणतात. ज्वालामुखीच्या काळ्या दगडापासून झालेली, भरपूर पाऊस आणि चांगला निचरा यांनी खोलवर शिजलेली. तिच्यात चिकण अंश भरपूर असूनही या खड्यांच्या फटींतून पाणी भराभर खाली जाते आणि मुळेही जातात. एकाच जातीच्या दगडातून उतारावर तांबडी आणि सपाटीवर काळी माती कशी होते, हे आपण महाबळेश्वरचा जांभा आणि देशावरची काळी माती पाहूनही शिकतो. पण जांभा कडक होतो. ही माती हातात मऊ राहते.

तिच्यातही उणीव आहे. लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असल्याने ती स्फुरद घट्ट धरून ठेवते, पिकाला देत नाही. चहाच्या पट्ट्यात ती आम्लही आहे. म्हणून इथे शेणखताला विलक्षण मान आहे. गाई गोठ्यातच ठेवतात, बांधावरचे नेपियर कापून त्यांना घालतात आणि शेण कॉफीच्या बुडात जाते. कोरड्या बाजूला नेपियर खड्ड्यात लावायची रीत पाहिली. तिला 'तुंबुकिझा' म्हणतात. दोन-अडीच फुटांच्या खड्ड्यात माती आणि शेणखत भरून, वर चार बोटे जागा रिकामी ठेवून गवत लावायचे. त्या चार बोटांत पाणी साचते.

बांधांवर सगळीकडे सिल्व्हर ओकच्या रांगा आहेत. हे ऑस्ट्रेलियातून आलेले झाड आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात. इथे ते प्रत्येक लहान शेतकऱ्याची बँक आहे. फांद्या सरपणाला, खोड मुलाच्या शाळेच्या फीला. १९७७ साली वंगारी मथाई यांनी बायकांच्या रोपवाटिकांतून हरित पट्ट्याची चळवळ सुरू केली. त्या याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाच्या, न्येरीच्या. त्यांना २००४ साली शांततेचे नोबेल मिळाले.

सातवा दिवस, २६ नोव्हेंबर : मुरांगा, आणि परत

मुरांगाचे उतार मी आधी पाहिलेल्या कुठल्याही शेतापेक्षा उभे होते. ॲबरडेर डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी इथे अरुंद डोंगरधारा कोरून काढल्या आहेत. धारेच्या माथ्यावर रस्ता आणि घरे, खाली दोन्ही बाजूंना नदीपर्यंत चहा, कॉफी, मका. चहाचे झाड जमीन झाकते, त्याच्याखालून वाहणारे पाणी स्वच्छ दिसत होते. शेजारच्या नुकत्याच नांगर फिरवलेल्या मक्याच्या पट्ट्यातून येणारे पाणी विटांच्या रंगाचे होते. दोन्ही पाणी एकाच ओढ्यात मिळत होते आणि बऱ्याच अंतरापर्यंत वेगवेगळे वाहत होते.

या पाण्यावर खाली बरेच काही अवलंबून आहे. नैरोबीच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग याच डोंगरातल्या न्दकाइनी धरणातून जातो, आणि ताना नदीवरच्या वीजप्रकल्पांच्या साखळीतले मासिंगा धरण १९८१ साली पुरे झाल्यापासून अंदाजापेक्षा कितीतरी वेगाने गाळाने भरत आले आहे. २०१५ पासून इथे एक जलनिधी काम करतो. खालच्या पाण्यावर चालणाऱ्या कंपन्या आणि संस्था त्यात पैसे घालतात आणि वरच्या शेतकऱ्याला गवताची रोपे, झाडे आणि शेततळ्याचे प्लास्टिक मिळते. आपल्याकडे धरणाच्या वरच्या गावाने माती अडवली म्हणून खालच्या शहराने त्याला काही द्यावे, हा विचार अजून बैठकीच्या विषयपत्रिकेवरही येत नाही. उजनीच्या पाण्यावर भांडणारे आपण सगळे उजनीच्या गाळावर गप्प असतो, याची मला त्या ओढ्याकाठी लाज वाटली.

ज्या जिल्ह्यात बायकांनी सक्तीच्या बांधाला नकार दिला होता, त्याच जिल्ह्यात दुपारी एका बाईंनी आम्हाला त्यांचे शेततळे दाखवले. पावसाळ्यात रस्त्याच्या गटारातून वाहून जाणारे पाणी त्यांनी एक लहान चर काढून तळ्याकडे वळवले होते. चराच्या तोंडाशी गाळ बसायला दोन हात लांबीचा खड्डा, आणि खड्ड्यानंतर दगडांचा थर. तळे काठोकाठ भरले होते. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या महिन्यांत या पाण्यावर त्या कोबी आणि टोमॅटो करतात. खड्ड्यातला गाळ दर पावसानंतर काढून त्या कुठे टाकतात, असे मी विचारले. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी फावडे उचलले, खड्ड्यातला ओला गाळ भरून घेतला आणि वरच्या बांधावर, गवताच्या मुळाशी नेऊन टाकला.